नखे, केस आणि सोफ्याची खोळ

प्रश्न : आमच्या घरी दोन मांजरे आहेत. बोका पांढरा आणि लांब केसांचा, मांजरी काळी आणि आखूड केसांची. तीन आसनी सोफ्याच्या दोन्ही हातांचे कापड त्यांनी ओरबाडून धागा धागा बाहेर काढला आहे. आता सगळ्या सोफ्याला काढून धुता येतील अशा खोळी शिवून घ्यायचे ठरवले आहे. मला क्रीम रंगाचे, वेटोळ्यांचे बुक्ले कापड फार आवडले आहे, तर यजमानांचा आग्रह गडद निळ्या मखमलीचा आहे. बहीण म्हणते की, शिवण्याच्या भानगडीत पडू नका, ताणून बसणारी तयार खोळ आणा. कापड कोणते घ्यावे, आणि कोणत्या रंगावर दोघांचेही केस कमी दिसतील?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या घरातील वादात मी कोणाचीच बाजू पूर्णपणे घेऊ शकत नाही, याबद्दल आधीच क्षमा मागते. तुमचे बुक्ले दोन्ही बाबतींत चुकते. यजमानांची मखमल बरोबर आहे, पण निळा रंग चुकीचा. आणि बहिणीची तयार खोळ पहिला महिनाभर फार छान दिसेल.

तुमच्या प्रश्नाचा क्रमही मी थोडा बदलणार आहे. पत्र वाचताना असे वाटले की, रंग जवळजवळ ठरले आहेत आणि कापड त्यांच्या मागून आले आहे. मांजरांच्या घरात हे उलटे करावे लागते. रंग हा तुमचा आणि पाहुण्यांचा विषय आहे. मांजरांना निळे-पिवळे बऱ्यापैकी ओळखता येते, लाल-हिरव्यातला फरक मात्र जवळजवळ कळत नाही, आणि सोफ्याकडे ती रंगासाठी जातही नाहीत. त्यांना हवा असतो तो पोत. म्हणून आधी वीण पाहायची, मग धागा कशाचा आहे ते पाहायचे आणि रंगाकडे त्यानंतर वळायचे.

मांजर सोफा ओरबाडते ते खोडी म्हणून नव्हे. नखांवरचे जुने टरफल काढून टाकणे, पाठ आणि खांदे ताणून मोकळे करणे आणि पंजाच्या तळव्यातील ग्रंथींचा वास त्या जागी ठेवून जाणे, ही तिन्ही कामे ते एकाच हालचालीत उरकते. त्यासाठी नख आधी कशात तरी रुतावे लागते आणि मग अंगाचे वजन टाकून खाली ओढावे लागते. मांजराचे नख सुईसारखे सरळ नसते, आकड्यासारखे वळलेले असते. त्यामुळे कापडावर जिथे जिथे सुटे वेटोळे किंवा सैल धागा असतो, तिथे ते अडकते आणि पंजा खाली येताना तो धागा सोबत घेऊन येते. बुक्ले म्हणजे तर वेटोळ्यांचेच कापड. मांजराच्या दृष्टीने याहून सोयीचे काही विणून घेता आले नसते. टॉवेलसारखे कापड आणि जाड्याभरड्या धाग्याचे, गोणपाटाच्या वळणावर जाणारे सगळे प्रकार याच कारणासाठी बाद समजावेत. शनीलची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यात वेटोळी नसतात, पण मऊ तंतूंचे तुकडे दोन पिळलेल्या धाग्यांमध्ये नुसते धरून ठेवलेले असतात. नखांनी ते उपटले जातात आणि कापडाला टक्कल पडत जाते.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी एक परीक्षा आहे. नमुन्याच्या तुकड्याच्या कोपऱ्यावर उघडी सेफ्टी पिन तिरकी धरून, हलक्या हाताने, वरून खाली आठ-दहा वेळा ओढा. पिन घसरत गेली तर कापड विचारात घ्या. प्रत्येक ओढीला ती अडखळली किंवा एखादा धागा उचलला गेला, तर ते कितीही देखणे असले तरी परत द्या. कापडाच्या पट्टीवर कधी कधी मार्टिनडेल या घासून पाहण्याच्या चाचणीचा आकडा छापलेला असतो आणि घरगुती बैठकीसाठी २०,००० ते २५,००० फेऱ्यांचे कापड चांगले मानले जाते. तो आकडा खोटा नसतो, पण ती चाचणी घासून झिजण्याची असते, नख अडकून ओढले जाण्याची नसते. माणसे बसून उठून कापड झिजवतात, मांजरे ते उसवतात. म्हणून आकड्यापेक्षा पिनेवर विश्वास ठेवावा.

या परीक्षेत टिकणारी कापडे फार नाहीत. माझी पहिली पसंती घट्ट विणीच्या सुती कॅनव्हासला किंवा तिरप्या विणीच्या ट्विलला आहे. वजन दर चौरस मीटरला ३०० ते ३५० ग्रॅम असावे. त्याहून हलके कापड नखांपुढे टिकत नाही आणि फार जड घेतले तर धुताना जीव मेटाकुटीला येतो. डेनिमही ट्विलच आहे आणि नखांसमोर चांगले तग धरते, पण गडद, नव्या डेनिमचा निळा रंग घासून लागतो. तुमच्या पांढऱ्या बोक्याच्या पोटावर निळसर छटा दिसली, तर दोष त्याच्या चाटण्याचा नसेल. सुती कापडात थोडे पॉलिएस्टर मिसळलेले असेल तर चुण्या कमी पडतात आणि ते लवकर वाळते. त्याला माझी हरकत नाही.

दुसरी पसंती मखमलीला, आणि हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. मखमलीची लव कापलेली असते, म्हणजे वेटोळे मुळात शिल्लक नसते. लव आखूड आणि दाट असेल तर नख अडकायला जागा सापडत नाही आणि बहुतेक मांजरे थोड्या प्रयत्नांनंतर नाद सोडतात. दाटपणा पाहण्यासाठी कापड बोटावर उलटे वाकवावे. वाकवलेल्या जागी लवेच्या मुळाशी तळाची वीण दिसू लागली, तर ती मखमल विरळ आहे. व्हिस्कोसची, म्हणजे रेयॉनची मखमल मात्र टाळावी. तिचा धागा ओला झाला की दुर्बळ होतो, पाण्याचे डाग उमटतात आणि बसलेल्या ठिकाणी लव दबून राहते. पॉलिएस्टरची, यंत्रात धुता येते असे पट्टीवर स्पष्ट लिहिलेली मखमल मिळाली तरच यजमानांचा हट्ट पुरवावा. मायक्रोस्यूड, म्हणजे मऊ चामड्यासारखे दिसणारे बारीक तंतूंचे कृत्रिम कापड, तेही नखांना दाद देत नाही आणि सांडलेले पाणी लगेच आत जाऊ देत नाही. लिननविषयी मला मनापासून माया आहे, पण त्याच्या जाड-बारीक धाग्यातल्या गाठी नखांना अचूक सापडतात. तुमच्या घरी त्याचे पडदे करावेत, तेही आखूड.

ताणून बसणाऱ्या तयार खोळीबद्दल दोन शब्द. ते कापड विणलेले नसते, मोज्यासारखे गुंफलेले असते, म्हणजे पुन्हा वेटोळीच. एक धागा ओढला गेला की शिडीसारखी रेघ वर सरकत जाते. शिवाय ते पातळ असल्याने नख आरपार जाऊन खालच्या मूळ कापडात रुतते, आणि मांजराला हवा असलेला घट्ट आधार तिथे आयताच मिळतो. आधीच फाटलेला सोफा आणखी वर्षभर झाकून मग काढून टाकायचा असेल तर ती जरूर आणावी. तुमच्या पत्रावरून तसा बेत दिसत नाही.

आता केसांकडे येऊ. केस दिसणे आणि केस चिकटणे या दोन निरनिराळ्या अडचणी आहेत आणि रंगाने फक्त पहिली सुटते. चिकटणे धाग्यावर अवलंबून असते. साधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. कोरडी हवा पडली की पॉलिएस्टरवर घर्षणाने स्थिर वीज साठते आणि केस ओढून घेतले जातात. उलट खरखरीत सुती कापडात केस विणीत घुसून बसतात, आणि लोकरीत तर ते कायमचे राहायला येतात. गुळगुळीत पृष्ठभागाचे, घट्ट विणीचे सुती किंवा मिश्र कापड हा यातला मधला मार्ग आहे. ओलसर रबरी हातमोजा घालून एकाच दिशेने हात फिरवला, तर त्यावरचे केस दोरीसारखे वळून येतात. मखमलीवरचे केसही असेच निघतात, फक्त हात लवेच्या दिशेने फिरवावा.

रंगाच्या बाबतीत तुमचे प्रकरण अवघड अशासाठी की, तुमच्याकडे दोन्ही टोके आहेत. एकच मांजर असते तर मी दोन ओळींत उत्तर दिले असते : तिच्या केसांच्या रंगाचे कापड घ्या. इथे क्रीम घेतले तर काळ्या मांजरीचा प्रत्येक केस टाचणीने रेघ ओढल्यासारखा दिसेल, आणि गडद निळे घेतले तर पांढरा बोका सोफ्यावर नसतानाही सोफ्यावर असेल. आमच्याकडे एकदा शाईसारख्या निळ्या खोळी होत्या आणि मांजर एकच होते, तेही पांढरे. पाहुणे उठून जाताना त्यांची पाठ झटकून देणे हा आमच्या घरचा रिवाज होऊन बसला होता.

केस उठून दिसतो तो रंग वेगळा असल्यामुळे कमी आणि उजेड-काळोखाचा फरक असल्यामुळे अधिक. म्हणून निळा की करडा की हिरवा हा प्रश्न दुय्यम आहे. पांढरा आणि काळा यांच्या मधोमध येणारी छटा निवडणे हे मुख्य. पण सपाट, एकसारखा मधला करडा घेतला तर पांढरे आणि काळे दोन्ही केस त्यावर अर्धे अर्धे दिसत राहतात, आणि मग दोन्ही मांजरांना बोल लावला जातो. खरा उपयोग होतो तो मिश्र धाग्याच्या कापडाचा, ज्यात फिकट आणि गडद तंतू एकत्र कातलेले असतात किंवा उभा धागा गडद आणि आडवा फिकट असतो. केस ही एक बारीक रेघ असते, आणि ती लपते तेव्हाच, जेव्हा खालचा पृष्ठभागही तितक्याच बारीक ठिपक्यांचा आणि रेघांचा असतो. मीठ-मिऱ्यासारखा करडा, बारीक हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रेघांची वीण), राखाडी-तपकिरी मिश्रण असे पर्याय पाहावेत. मोठ्या फुलांचे छाप केस लपवतात अशी एक समजूत आहे. ती फसवी आहे, कारण दोन फुलांच्या मधली सपाट जागा चांगली हातभर असते आणि केस नेमके तिथे दिसतात.

दोन्ही मांजरांत एकाचे केस अधिक गळत असतील, आणि बहुधा तो तुमचा लांब केसांचा बोकाच असेल, तर मिश्रणाचा कल फिकटाकडे झुकवावा. किती, हे माझ्या सांगण्यावर ठरवू नका. दोघांना विंचरून निघालेले केस एका पाकिटात ठेवा, नमुन्यांच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट टाका आणि खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात व रात्रीच्या दिव्याखाली असे दोनदा पाहा. फोनवर काळे-पांढरे छायाचित्र काढले तर आणखी बरे. रंगाची भुरळ निघून जाते आणि केस किती दिसतात एवढेच उरते.

रंग कापडात कसा आला आहे, हेही पाहिले पाहिजे. नुसता वरून छापलेला रंग असेल तर उलट बाजू फिकी दिसते, आणि उद्या एखादा धागा ओढला गेला की तिथे पांढरा ठिपका कायमचा उमटतो. धागे आधी रंगवून मग विणलेले कापड दोन्ही बाजूंनी जवळपास सारखे असते आणि नखांची छोटी खूण त्यात मिसळून जाते. पांढरा ओला रुमाल कापडावर दहा-बारा वेळा घासून रंग लागतो का, तेही बघावे. सोफा खिडकीपाशी असेल तर फार गडद रंग उन्हाने विटतात, आणि मांजरे बसायला नेमकी तीच जागा निवडतात.

तुम्हाला क्रीम आणि यजमानांना निळे हवेच असेल, तर त्यासाठी मोठ्या खोळीला हात न लावता वाट काढता येते. प्रत्येक मांजराची झोपायची एक ठरलेली जागा असते. बोक्याच्या जागेवर क्रीम रंगाची आणि मांजरीच्या जागेवर गडद निळी अशी धुता येणारी सुती चादरीची घडी अंथरावी. केसांचा मोठा भाग तिथेच जमा होतो, आपापल्या रंगात लपतो, आणि दर आठवड्याला एवढाच लहान तुकडा धुवावा लागतो.

शिवणीकडे वळण्यापूर्वी कापड दोनदा धुऊन घ्या, ज्या पद्धतीने खोळ पुढे धुणार आहात अगदी त्याच पद्धतीने. साधे सुती कॅनव्हास पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के सहज आटते; दोन मीटर लांबीच्या पाठीवर ५ टक्के म्हणजे दहा सेंटीमीटर. माझी एक खोळ पहिल्या धुण्यानंतर चढवताना दोन माणसे लागली आणि तिसऱ्या धुण्यानंतर ती चढलीच नाही, तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

खोळ एकसंध शिवू नका. पन्हा १४० सेंटीमीटर धरला तर तीन आसनी सोफ्याला साधारण १२ मीटर कापड लागते, आणि चौरस मीटरला ३५० ग्रॅम या हिशेबाने ते कोरडेच सहा किलोच्या आसपास भरते. भिजल्यावर ते घरातल्या यंत्रात नीट फिरणार नाही, केसही निघणार नाहीत. प्रत्येक गादीचा अभ्रा वेगळा, पाठ वेगळी आणि दोन्ही हात वेगळे, असे तुकडे करावेत. हातांच्या पुढच्या भागावर, जिथे नखे पडतात, कापड दुहेरी घ्यावे आणि कापडाचा उभा धागा वरून खाली येईल असे बेतावे. विणताना उभ्या धाग्यांना ताण सोसावा लागतो म्हणून ते सहसा अधिक पिळदार असतात. त्याच ताक्यातले दीड मीटर कापड जास्तीचे घेऊन ठेवावे, म्हणजे पुढे एखादा हात बदलावा लागला तर छटा जुळते.

खोळ अंगाबरोबर बसली पाहिजे. सैल घड्या राहिल्या तर मांजरे त्यांच्या आत शिरून खेळतात आणि शिवणी उसवतात. बंद करायला चेन बरी, आणि ती मागच्या किंवा खालच्या बाजूला, वर कापडाची पट्टी घेऊन लावावी. वेल्क्रोच्या आकड्यांत दोन महिन्यांत इतके केस भरतात की ते धरेनासे होते. कडेला दोरी भरलेले पाइपिंग नको, कारण ती उंचावलेली कड नखांना बोलावते. झालरी, गोंडे, नाड्या आणि लोंबणारे इलॅस्टिक यांना माझा विरोध दिसण्यासाठी नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे मागच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेली दोरी बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. गिळलेल्या दोरीमुळे आतडी आवळली जाऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

धुण्याआधी केस कोरडेपणीच काढावेत. ओल्या कापडावरचे केस एकमेकांत गुंतून विणीत घट्ट बसतात आणि यंत्राच्या जाळीतही अडकतात. कापड मऊ करणारे द्रावण वापरू नये. धाग्यावर त्याचा थर बसून राहतो, आणि मांजरे ज्यावर झोपतात ते त्यांच्या अंगाला लागून चाटण्यात पोटात जाते. ओकारीचे डाग आधी खरवडून थंड पाण्याने काढावेत, गरम पाण्याने ते पक्के होतात. लघवी झाली असेल तर एन्झाइम असलेले द्रावणच वापरावे, कारण वास धरून ठेवणारे युरिक आम्लाचे खडे साध्या साबणाने विरघळत नाहीत. अमोनियाचे द्रावण तर नकोच, त्याच्या वासाने मांजर त्याच जागी परत येऊ शकते; आणि लघवीवर क्लोरीनचे ब्लीच ओतले तर विषारी वायू तयार होतो. खोळ आणि गादी यांच्यामध्ये जलरोधक कापडाचा पातळ थर घातला तर यातले बरेचसे गादीपर्यंत पोहोचत नाही. मात्र मांजर एकाएकी सोफ्यावर लघवी करू लागले, तर आधी पशुवैद्यांना दाखवावे. बोका कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी.

नवीन खोळ आली की मांजरांच्या दृष्टीने सोफ्यावरचा त्यांचा वास पुसला जातो आणि पहिले काही दिवस ती अधिक ओरबाडतात. म्हणून खोळ चढवण्यापूर्वी, ज्या हातावर नखे जास्त पडतात त्याच्या अगदी शेजारी, सिसलचा म्हणजे घायपाताचा दोर गुंडाळलेला जड बुडाचा खांब उभा करावा. तो निदान ८०-९० सेंटीमीटर उंच असावा, कारण मांजराला पूर्ण ताणून उभे राहता आले पाहिजे, आणि पंजा मारल्यावर तो डुलता कामा नये. सोफ्याच्या हाताचे जुने, फाटके कापड त्या खांबावर काही दिवस बांधून ठेवले तर वासाची ओळख आपोआप होते. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोके कापत राहावे.

आता लगेच बारा मीटर कापड मागवू नका. एक करडे मिश्र ट्विल आणि एक आखूड लवेची करडी मखमल यांचे अर्धा अर्धा मीटर आणून दोन्ही धुऊन घ्या आणि सोफ्याच्या दोन हातांवर चारही बाजूंनी टाके घालून घट्ट बसवा. टाचण्या वापरू नका. पंधरा दिवसांनी दोन्ही तुकड्यांची अदलाबदल करा, म्हणजे एक हात मुळातच जास्त आवडीचा आहे का, तेही कळेल. महिनाअखेर ज्या तुकड्यावर ओढलेले धागे कमी आणि रबरी मोजा फिरवल्यावर केस लवकर निघतात, त्याचे साडेतेरा मीटर एकाच ताक्यातून कापून घ्या.